फेरागामोच्या चपला बाजूने बघा

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठी, सांता त्रिनिता पुलाला लागून पलाझ्झो स्पिनी फेरोनी हा तेराव्या शतकातला दगडी वाडा आहे. साल्वातोरे फेरागामो या इटालियन बूट-चपला घडवणाऱ्या कारागिराने तो 1938 मध्ये विकत घेतला. 1985 मध्ये पलाझ्झो स्ट्रोझ्झीत त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि पुढे 1995 मध्ये या वाड्यात म्युझियम सुरू झालं. तिथे गेल्यावर नजर आपसूक रंगांवर आणि सोनेरी पट्ट्यांवर जाते. पण खरं काम बघायचं तर थोडं वाकून बाजूने बघावं, टाच आणि चवडा यांच्या मधल्या कमानीत.

उंच टाचेच्या बुटात वजन चवड्याकडे घसरतं, बोटं पुढे कोंबली जातात आणि मधला तळ अधांतरी राहतो. फेरागामोने लॉस एंजेलिसला असताना शरीररचनेचा अभ्यास केला आणि आधार कमानीलाच द्यायचा असं ठरवलं. त्यासाठी आतला तळ आणि बाहेरचा तळ यांच्यामध्ये पोलादाची अरुंद पट्टी बसते, तिला शँक म्हणतात. पट्टी मऊ निघाली तर तळ मध्ये दबतो, टाच तिरकी होते आणि बूट डुगडुगतो. फार कडक आणि ठिसूळ असली तर एके दिवशी मोडतेच. (कोल्हापुरीत ही भानगड नाही: टाच बसकी, सगळा तळ जमिनीला टेकलेला, मग पोलाद कशाला?)

इटलीने इथिओपियावर हल्ला केल्यावर 1935 मध्ये तिच्यावर निर्बंध आले. चांगलं पोलाद मिळेना, जे मिळे त्याच्या पट्ट्या मोडायच्या. तेव्हा फेरागामोने इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या बुचाचे तुकडे एकावर एक चिकटवले आणि तासून टाच ते चवडा ही सगळी पोकळीच भरून काढली. पट्टीची गरजच संपली. आज सगळीकडे दिसणारी वेज टाच ती हीच. बूच हलकं आणि दाबाला टिकणारं, पण कडा भुरभुरतात, म्हणून वरून चामडं चढवावं लागतं.

1938 ची इंद्रधनुषी सँडल याच युक्तीची. जाड तळाचा प्रत्येक थर वेगळ्या रंगाच्या स्वेडने, म्हणजे मखमली चामड्याने, मढवलेला, वर सोनेरी पट्टे. हॉलिवूडची नटी जुडी गार्लंडसाठी केलेली म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण थांबून बघावेत ते थरांचे सांधे. थर सुटे कापून, मढवून मग रचायचे. प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरची चूक एकाच बाजूला झाली तर सहा थरांत ती तीन मिलिमीटर होते, आणि चप्पल कलते.

लाकडी कलबुतंही, म्हणजे ज्यांवर बूट घडवतात ते पायाच्या आकाराचे साचे, बघण्यासारखी आहेत. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी कलबुतावर चामड्याचे तुकडे चिकटवून पायाचा उंचवटा किंवा रुंदी वाढवतात. त्यावर ओलसर चामडं आधी बोटांकडे, मग बाजूंना, शेवटी टाचेकडे ओढून खिळे मारतात. पुरतं वाळायच्या आत काढलं की चामडं आखडतं आणि बूट अर्धा नंबर लहान झाल्यासारखा लागतो.

1947 च्या ‘अदृश्य’ सँडलला वरचा भाग जवळजवळ नाहीच, नुसते नायलॉनचे पारदर्शक दोरे, मासेमारीच्या गळाला असतात तसे. त्याच वर्षी तिला अमेरिकेचा नीमन मार्कस हा फॅशनचा पुरस्कार मिळाला. दिसायला सोपी, करायला त्रासाची. एक दोरा सैल राहिला की शेजारचे जास्त ओढले जातात आणि बारीक दोरा पायात रुततो. चामड्याचा पट्टा थोडा सैल होऊन पायाला बसतो, दोऱ्याला ती सवलत नाही. टाच मात्र पुढच्या बाजूने आत खोदलेली, बाजूने इंग्रजी ‘एफ’सारखी दिसणारी.

असल्या वस्तूंवर उजेड कमी ठेवतात, साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). रंग उडू नये, चामडं तडकू नये म्हणून. आत शिरल्यावर मिनिटभर नुसतं उभं राहावं, डोळे सरावले की टाके दिसू लागतात.