क्रिस्टल ऑसिलेटर स्पाइसमध्ये चालवताना: माझा अनुभव
१० मेगाहर्ट्झ क्रिस्टलचा पिअर्स ऑसिलेटर (इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर आणि त्याच्या फीडबॅकमध्ये क्रिस्टल) आणि पुढे स्क्वेअर वेव्ह काढणारा कंपॅरेटर, एवढंच सर्किट. पण स्पाइसमध्ये, म्हणजे सर्किट सिम्युलेटरमध्ये, रन दिला की थोड्याच वेळात 'टाइमस्टेप टू स्मॉल' (वेळेची स्टेप फार लहान झाली) ही एरर येऊन सगळं अडायचं.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे रेलटोल (सिम्युलेटरला चालणाऱ्या चुकीची सापेक्ष मर्यादा) सैल करा. ०.००१ चं ०.०१ केलं की रन कधीकधी पुढे सरकतोही. पण ऑसिलेटरमध्ये प्रत्येक सायकलमधली चूक पुढच्या सायकलमध्ये साठत जाते, त्यामुळे अशा वेव्हफॉर्मवर माझा विश्वास बसत नाही.

त्याऐवजी मी एरर मेसेज शेवटपर्यंत वाचला. त्यात नोडचं नाव होतं: कंपॅरेटरचं आउटपुट. हा कंपॅरेटर म्हणजे 'इफ' लिहिलेला बिहेवियरल सोर्स (सूत्राने चालणारा व्होल्टेज सोर्स), वर हिस्टेरेसिससाठी (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्या वेगळ्या ठेवण्यासाठी) आउटपुटमधून परत फीडबॅक. सिम्युलेटर समीकरणं न्यूटन-रॅफसन पद्धतीने सोडवतो, आणि तिला उतार लागतो. इथे उतार शून्य, नाहीतर एकदम ० वरून ५ व्होल्टची उडी. सिम्युलेटर स्टेप कितीही बारीक करो, उडी तेवढीच राहते. 'इफ'च्या जागी टॅनएच हे उडी न मारता सलग चढणारं फंक्शन घातलं, आउटपुटला छोटा रेझिस्टर आणि १ पिकोफॅरड कपॅसिटर जोडला. एरर गेली.

आणि समोर आली २.५ व्होल्टवर सरळ रेष! ही अवस्था मला एररपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण इथे सिम्युलेटर काहीच तक्रार करत नाही. डीसी ऑपरेटिंग पॉइंट (सुरुवातीची स्थिर अवस्था) अचूक मिळतो, साध्या ट्रान्झियंटमध्ये (वेळेनुसार चालणाऱ्या रनमध्ये) नॉइज नसतो, मग सर्किट त्या अस्थिर समतोलावर बसून राहतं. खऱ्या बोर्डावर नॉइजच त्याला हलवतो. मी सप्लाय शून्यापासून रॅम्प केला, म्हणजे हळूहळू चढवला. ऑसिलेशन उठलं, पण फारच सावकाश.

याचं कारण क्रिस्टलच्या मॉडेलमध्येच आहे. माझ्या मॉडेलमध्ये मोशनल (क्रिस्टलच्या यांत्रिक कंपनाची जागा घेणारा) कपॅसिटन्स २० फेम्टोफॅरड, इंडक्टन्स १२.७ मिलिहेन्री, रेझिस्टन्स २० ओहम. म्हणजे क्यू (साठवलेल्या ऊर्जेच्या तुलनेत लॉस किती कमी, याचं माप) जवळपास ४०,०००. ॲम्प्लिट्यूड किती सावकाश बदलतं हे सांगणारा टाइम कॉन्स्टंट २एल/आर सुमारे १.३ मिलिसेकंद, म्हणजे १२ हजारांहून जास्त सायकल्स. मोशनल इंडक्टरला सुरुवातीलाच १ मिलिॲम्पिअर करंट दिला की ही वाट बघणं वाचतं. मात्र तेवढ्यावर 'ऑसिलेटर सुरू होतो' असं म्हणता येत नाही. त्यासाठी सप्लाय रॅम्पचा लांब रन एकदा घ्यावाच लागतो.

मधल्या काळात वेव्हफॉर्ममधलं खोटं रिंगिंग (स्टेपागणिक वरखाली होणं) घालवायला गिअर ही इंटिग्रेशन मेथड लावून पाहिली, तर ॲम्प्लिट्यूड उतरायला लागलं. हिशोब केला: १ नॅनोसेकंदाच्या स्टेपला सेकंड ऑर्डर गिअरचा खोटा लॉस क्रिस्टलच्या स्वतःच्या लॉसच्या जवळपास पाचपट भरतो. म्हणजे धडधाकट ऑसिलेटरही कागदावर मरू शकतो. हाय-क्यू सर्किटला ट्रॅपेझॉइडल इंटिग्रेशनच हवं.

तेही पूर्ण निर्दोष नाही. त्यात ॲम्प्लिट्यूड टिकतं, पण फ्रिक्वेन्सी खाली सरकते, साधारण (ओमेगा गुणिले स्टेप) वर्ग भागिले १२ इतकी. १ नॅनोसेकंदाला हे सुमारे ३३० पीपीएम (दहा लाखांत ३३० भाग) होतं, तर क्रिस्टल आपण विकत घेतो काही दहा पीपीएमच्या हिशोबात. स्टेप निम्मी केली की चूक पावपट होते, पण रनचा वेळ दुप्पट. म्हणून फ्रिक्वेन्सी आता मी एसी ॲनालिसिसमध्ये (वेळेऐवजी फ्रिक्वेन्सीनुसार केलेल्या हिशोबात) लूपच्या फेजवरून काढतो. ट्रान्झियंट फक्त स्टार्टअप आणि ॲम्प्लिट्यूड बघायला.