वखारीतून झाडावर: आमची वाटचाल

बडोद्यात जुनी मंडळी आम्हाला अजून 'वखारवाले' म्हणूनच ओळखतात. आजोबांनी सागवानाची वखार टाकली, वडिलांनी ती नेटाने चालवली. मी उभ्या झाडांची छाटणी आणि निगा हे काम सुरू केलं, पण त्याचं मूळ वखारीतच आहे.

सागाचा ओंडका पावसात पडून राहिला की कडेचं फिकट लाकूड बुरशी धरतं, आतला सोनेरी गाभा टिकतो. आमचे सुतारकाका चौकटीला कडेचं लाकूड लावूच द्यायचे नाहीत. गाभ्यातल्या पेशी मरण्याआधी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं तिथे भरून ठेवतात आणि ती बुरशीला मानवत नाहीत, हे मला पुढे वाचनातून कळलं. मेलेलं लाकूड एवढं झुंजतं, तर जिवंत झाड काय करत असेल, या प्रश्नाने मला या धंद्यात आणलं.

उत्तर मिळालं ते ॲलेक्स शायगो यांच्या कामातून. अमेरिकेच्या वनखात्यातल्या या शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली आपली मांडणी पुस्तिकेच्या रूपात दिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती कोंडून टाकतं. पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतं, आसपासच्या जिवंत पेशींत बुरशीला न मानवणारी फिनॉलची संयुगं साठवतं आणि सालीखालच्या वाढीच्या थरातून नवी भिंत उभारतं. तिच्यात बहुधा सुबेरिन असतं, बुचात असतं तेच. ही शेवटची भिंत सगळ्यांत भक्कम.

आमच्या दुकानात कडुनिंबाच्या फांदीचा एक उभा काप ठेवला आहे. एका बाजूला भुसभुशीत, नखाने उकरता येईल असं लाकूड, दुसऱ्या बाजूला टणक पिवळसर, आणि मधे पेन्सिलीने ओढावी तशी गडद तपकिरी रेघ. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तो काप हातात देतो, दराचं नंतर बोलतो.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. फांदीच्या बुडाशी झाड बुरशीविरोधी द्रव्यांचा पट्टा उभारतं तो इथेच. खोडालगत सपाट कापलं की ही कड जाते आणि कूज थेट खोडात उतरते. म्हणून आमची माणसं कडेच्या जरा बाहेरच करवत लावतात. वर डांबर नाही, रंग नाही, ढोलीत सिमेंट तर मुळीच नाही. "काका, खुंटी राहिली, साफ करा ना," असं लोक म्हणतात. एका सोसायटीने याच कारणावरून काम काढून घेतलं. आमची पद्धत तीच राहिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून मुळांचं काम वाढलं. पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि बुरशीविरोधी द्रव्यं बनवायला लागणारी साखर मुळांत उरत नाही. दमलेल्या गुलमोहराच्या बुंध्याशी गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची चकचकीत तांबूस छत्री दिसली, की आत बरंच पोखरलेलं असतं. तेव्हा आम्ही फवारणी विकत नाही. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायला सांगतो, झाड तपासतो आणि धोका असेल तर तसं स्पष्ट लिहून देतो.

कडुनिंबाची छाटणी आम्ही पावसाळ्यात घेत नाही. शेंडे वाळवणारी फोमॉप्सिस बुरशी त्याच दिवसांत जोर धरते. त्या काळात माणसांना पगार द्यायचा म्हणून वखार अजून चालू ठेवली आहे.