तुम्ही विचारलंत म्हणून: जेरुसलेमच्या बसमधलं घरपण

इथं आलेला पाहुणा आठवड्याभरात हे विचारतोच: बसमध्ये ज्यू माणसं ओळखदेख नसताना एकमेकांशी घरच्यासारखी कशी वागतात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. घरच्यासारखी हे खरं, पण घरात असतात तसे लाड कमी आणि बोलणी जास्त. उघड्या डोक्याचं बाळ दिसलं की मागून 'टोपी कुठाय त्याची?' येतंच.

या जवळिकीत मायेपेक्षा घड्याळाचा वाटा मोठा. शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या आधी बस बंद होतात, त्या शनिवारी रात्रीच सुरू होतात. जेरुसलेममध्ये शब्बाथच्या मेणबत्त्या सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी लावतात. डिसेंबरात म्हणजे चारच्या सुमाराला. शेवटच्या बस त्याच्याही बऱ्याच आधी सुटतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारी फुलांचे गुच्छ, खल्ला पाव आणि सुटीवर निघालेल्या सैनिकांच्या धुण्याच्या पिशव्या एकाच बसमध्ये कोंबलेल्या असतात. कुणी धावत येताना दिसलं की चार जण एकदम ओरडतात, 'नेहाग, रेगा!' म्हणजे 'ड्रायव्हर, जरा थांब!' बस चुकली तर टॅक्सी करा, नाहीतर मुक्काम करा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्या बेने इस्राएलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, त्यांना यात नवल वाटलं नसावं. हैफाचा मात्र अपवाद: तिथं ब्रिटिश अमदानीपासून शनिवारी काही बस धावतात. तेल अवीव आणि आसपासच्या काही गावांनी 2019 पासून शब्बाथला मोफत गाड्या सुरू केल्या, त्यावरून वादही झाला.

दुसरं कारण तिकिटाचं. इथं कंडक्टर नाही. बाबागाडी घेऊन मधल्या दारानं चढलेली आई आपलं रव-काव, म्हणजे प्रवासाचं कार्ड, पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. आता मधल्या दारापाशीही यंत्रं आली, ड्रायव्हरनं रोख घेणं बंद केलं, त्यामुळे हा प्रकार कमी झाला. खरा नमुना बघायचा तर शेरूतमध्ये बसा. ही 10 सीटची शेअर टॅक्सी. मागून नोटा-नाणी पुढे सरकतात, किती जणांचे पैसे तेही तोंडीच सांगतात, सुटे उलट्या वाटेनं येतात. ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट टाळा, नाहीतर सगळा प्रवास कंडक्टरकी करण्यात जाईल.

बसमधली पाटीही ऐकवते: 'पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा.' हे तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातलं वचन, लेवीय 19:32. कुणी उठलं नाही, तर तिसराच प्रवासी उठवतो.

पुढची सवय भीतीतून आली. 1996 मध्ये जेरुसलेमच्या 18 नंबरच्या बसवर आठवड्याभरात दोनदा बॉम्बहल्ला झाला, पुढे दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, आणखी बस उडाल्या. सीटखाली बेवारस पिशवी दिसली की 'ही कुणाची?' असा प्रश्न बसभर फिरतो. कुणी 'माझी' म्हणालं नाही तर बस रिकामी होते. पिशवी जवळ ठेवा, उतरताना विसरू नका.

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिदिनी सकाळी 10 वाजता दोन मिनिटं भोंगा वाजतो. बस भररस्त्यात थांबते, दार उघडतं, बहुतेक जण खाली उतरून उभे राहतात. भोंगा थांबला की सगळे परत चढतात आणि टोपीचा विषय पुढे चालू.

मात्र हे घर सगळ्यांना सारखं नाही. काही कट्टर धार्मिक वस्त्यांच्या मार्गांवर बायकांना मागे बसवत. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही सक्ती बेकायदा ठरवली, पण टोमणे सगळीकडे थांबलेले नाहीत. कुणी मागे जायला सांगितलं तर उठू नका, ड्रायव्हरला हाक मारा. आणि जेरुसलेममध्ये तो ड्रायव्हर पुष्कळदा अरब असतो. 'शब्बात शालोम', म्हणजे शब्बाथच्या शुभेच्छा, त्यालाही ऐकू येतं, तोही उलट म्हणतो; पण तणावाच्या दिवसांत त्याच ड्रायव्हरांवर हल्ले झालेले आहेत, आणि तेव्हा बसमधले सगळेच मध्ये पडतात असं नाही.