कुलाबा किल्ला: तिथी बघून, चित्रवही घेऊन

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं तर आधी कॅलेंडर काढा, आणि रविवार नव्हे, तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नवाच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी, पण भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरती-ओहोटीचं, पाणी पुरतं उतरतच नाही. आमची निसर्गफेरी म्हणूनच चतुर्थीला ठेवली होती. मुंबईकरांनी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा. सकाळची लाँच पकडून ही वेळ गाठणं म्हणजे जिवाची घालमेल.

काळ्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. चिमुकले खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं तेवढं काढून घेतात आणि उरलेली गोळी टाकून पुढे सरकतात. पहिला उपक्रम इथेच: कागदाकडे न बघता एका बिळाभोवतीची नक्षी काढायची. एका पोरीने विचारलं, "ताई, हा अजून गोळ्या टाकतोय, मी थांबू कधी?" वाट दाखवणाऱ्या ताईंकडेही उत्तर नव्हतं.

खरी मजा किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकांवर. वर खडकाला चिकटलेल्या पांढुरक्या, कवचाच्या बार्नेकल जिवांचा पट्टा, खाली कालवं, त्याखाली हिरवं शेवाळ. जो जास्त वेळ कोरडा राहू शकतो, तो वरच्या मजल्यावर. हे पट्टे आम्ही चित्रवहीत समुद्राचंच पाणी रंगात कालवून रंगवले. खारं पाणी लवकर सुकत नाही, तेव्हा जाड कागद आणि चिमटे न्या. पायात पट्ट्याचे सँडल हवेतच, कालवांची धार पात्यासारखी लागते. जिवंत शंख उचलू नका. रिकाम्या वाटणाऱ्या शंखातही बहुधा संन्यासी खेकडा असतो.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते रचलेत; लाट फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपती मंदिर, पुष्करणी आणि चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा बघून घ्या, पण चित्राला बसायचं तर तटाच्या सावलीत.

पाणी फिरायच्या आधीच परतीला लागा. पाय थकले तर घोडागाडी मिळते, भाडं चढण्यापूर्वी ठरवा. पावसाळ्यात मात्र हा बेत नकोच.