वसईला मुक्काम, तोही लोकलने

लग्नाला 19 वर्षं झाली, तरी हॉटेलवाल्यांना आम्ही नवरा-बायको वाटेनात.

दोन दिवस कुठेतरी जाऊन नुसतं पडून राहायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. नवऱ्याने लोणावळा काढला, मी घाटातली गर्दी आठवून हाणून पाडला. म्हटलं, वसईला जाऊ. दादरची माणसं वसईला मुक्कामाला जाणार हे ऐकून सासूबाई हसल्याच. "संध्याकाळी परत या की! मुक्काम कशाला?"

मुक्काम हाच तर मुद्दा होता. पण खोली मिळेना. फोनवर भाडं ठरायचं, सगळं जुळायचं आणि शेवटी प्रश्न यायचा, आधारवर पत्ता कुठला? मुंबई म्हटलं की, "लोकल आयडी चालत नाही, मॅडम." एकाने तर माझं आडनाव माहेरचंच आहे म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं. नवरा म्हणाला, अल्बमच नेऊ, त्यात मामाही आहेत साक्षीला. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीने एका कुपारी, म्हणजे वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती, कुटुंबाच्या वाडीतली खोली मिळाली. तिथल्या आजींनी फोनवर एकच विचारलं, "मासे खाता ना?"

दिवस मुद्दाम मंगळवार धरला. सकाळी साडेनऊला सगळी मुंबई चर्चगेटकडे लोटत असते, विरारकडे जाणाऱ्या गाडीत दादरला चक्क खिडकी मिळते. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल लागतो, मध्ये पाणजू बेट दिसतं. तिथेच मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं.

नवऱ्याच्या फोनमध्ये मात्र यादी तयार होती: सोपाऱ्याचा स्तूप, निर्मळ, जीवदानी, तुंगारेश्वर, वज्रेश्वरीची गरम कुंडं. मी किल्ला आणि सुरुची बागेचा किनारा ठेवून बाकी सगळं खोडलं. तो दुपारपर्यंत फुरंगटला होता. मग आजींच्या हातचं सुकं कालवण जेवला आणि पाचपर्यंत घोरला.

किल्ल्यात उन्हं उतरल्यावरच जावं. पडक्या चर्चच्या कमानीखाली उभं राहून नवऱ्याने 1739 ची चिमाजीअप्पांची मोहीम सुरू केली. भीमाशंकरच्या देवळासमोर टांगलेली, 1729 साल कोरलेली पोर्तुगीज घंटा वसईचीच म्हणतात, हे मला नवीन होतं, म्हणून ऐकून घेतलं. तेवढ्यात प्री-वेडिंगच्या फोटोग्राफरने हाक मारली, "काका, काकू, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा ना!" झालं, पोर्तुगीज तिथेच सुटले.

परतीला सकाळची लोकल धरायची नाही, हे मी आधीच बजावलं होतं. विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईला पाय ठेवायचा म्हणजे दोन दिवसांची झोप दहा मिनिटांत वसूल. म्हणून दुपारी जेटीवरून भाईंदरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, धरली. 2024 पासून ती सुरू आहे, खाडी पार करायला साधारण पाव तास लागतो. वारा इतका छान होता की दोघंही काही बोललो नाही.

आजींनी सासूबाईंसाठी सुकेळी बांधून दिली होती. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी. भाईंदरला गाडीत बसल्यावर पुडी सोडली. बोरिवली येईपर्यंत निम्मी उरली होती.