ती खुर्ची मीच हलवली होती

सात वर्षांपूर्वी एका बंद कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी नोंदवायच्या खोलीत, मी एक लाकडी खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली. कारण एवढंच की तिथे उजेड छान तिरपा येत होता. फोटो झकास आला. घरी मोठा करून पाहिला तर मागच्या भिंतीलगत, धुळीने मढलेल्या फरशीवर चार स्वच्छ ठिपके. खुर्चीच्या पायांचे. शेवटच्या पाळीनंतर कुणीतरी जिथून उठून गेलं, ती जागा.

तोवर, ओस जागांचे फोटो काढत फिरताना, मी स्वतःला भलती सज्जन समजत होते. कुलूप तोडायचं नाही, भिंतीवर नाव कोरायचं नाही, खिशात काही घालायचं नाही, एवढं पाळलं की झालं! (पडक्या कुंपणातून विनापरवानगी घुसले होते, ते मात्र सोयीस्करपणे विसरत होते.)

प्रिप्यातचे फोटो तुम्ही पाहिले असतील. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी रिकामं केलेलं शहर. बालवाडीतल्या खाटेवर बाहुली, शेजारी गॅस मास्क. अंगावर काटा येतो. पण अशी बरीच दृश्यं नंतर आलेल्या लोकांनी फोटोसाठी मांडलेली आहेत. आता त्या खोल्यांत मुलं खरंच काय टाकून गेली आणि पाहुण्यांनी काय रचलं, हे वेगळं काढणं अवघड. माझी खुर्ची त्याच जातीची.

कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्याच्या खाणीचं ओस गाव १९६२ पासून राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथली घरं नव्यासारखी करत नाहीत. छप्पर, खिडक्या, पाया एवढं सांभाळतात, म्हणजे पडझड आहे तिथेच थोपावी. आतला पसारा तसाच ठेवलेला. तिथून खिळा नाहीतर बाटली उचलून नेणारे काहीजण पुढे साडेसाती लागल्यासारखे हैराण होतात आणि माफीच्या चिठ्ठीसह वस्तू परत पाठवतात. शापाबिपावर माझा विश्वास नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. परत आलेला तो खिळा नेमका कुठल्या फळीतला, हे आता कोण सांगणार?

माझी दुसरी चूक याहून मोठी. तो फोटो मी मूळ फाइलसकट सगळ्यांना डाउनलोड करू दिला. फोनने त्यात अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवले होते. आता फोटो टाकण्याआधी मी ते पुसते आणि चौकटीत चिमणी, पाटी, ओळखू येणारा रस्ता काही येत नाही ना, हेही बघते. पत्ता विचारणाऱ्यांना नाही म्हणते. त्यामुळे काही ओळखी तुटल्या. तुटू देत.

घुसखोरीही सोडली. आधी मालक शोधायचा, पत्र लिहायचं, वाट पाहायची. बहुतेक ठिकाणी उत्तरच येत नाही, मग जायचं नाही. परवानगी मिळाली तरी एकटीने जात नाही. कुजलेल्या लाकडी जमिनीवर मध्यभागी पाय टाकत नाही. जुने सिमेंटचे पत्रे फुटलेले असतील तर धूळ उडवत नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की तिथेच अडकून राहू शकतात. वटवाघळं झोपलेली दिसली तर तिथूनच माघारी. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत त्यांच्या नाकावर पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसली, आणि पुढे उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली. ती बुरशी आपल्या बुटांवरून, कपड्यांवरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते. म्हणून परत आल्यावर बूट धुणं आलंच, कितीही दमलेली असले तरी.

गेल्या वर्षी त्याच कारखान्यात पुन्हा गेले, या वेळी रीतसर. पंचकार्डांचा घोडा रिकामा होता, भिंतीतली वायर उपटून नेलेली. खुर्ची मात्र शाबूत, खिडकीपाशीच. माझ्यानंतर आलेल्या सगळ्यांना तोच फोटो हवा होता, त्यामुळे ती तिथून हललीच नव्हती.

सोबत आलेले राखणदार काका नवीन होते. म्हणाले, "इथं बसून टाइमकीपर गेटावर नजर ठेवायचा. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो मी."

मी फोनमधला जुना फोटो काढून त्यांना दाखवला. ठिपके मोठे करून दाखवले. काका बराच वेळ पाहत राहिले.

"मग ठेवू या की जागेवर," म्हणाले.

आम्ही दोघं भिंतीपाशी गेलो. फरशीवर सगळीकडे बुटांचे ठसे होते. ठिपके कुठेच नव्हते.