बेळगावात गोल्फ कुठं खेळावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "काय ओ, आपल्या भागात कुणालाही खेळता येईल असा बरा गोल्फ कोर्स कुठला?" हा प्रश्न मला महिन्यातनं एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे. पुण्या-बेंगळूरला नोकरीत असताना ह्यांच्या हातात कुणीतरी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, दिलेला, आणि आता गावी परतल्यावर हात शिवशिवतात.

पावती फाडून कुणीही खेळावं असा कोर्स मला तरी इकडं सापडलेला नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न: "रेसकोर्सजवळचा तो?" तो आहे की. सुमारे अडीचशे एकर, जुनी झाडं, पावसाळ्यात तर बघत राहावं असा. पण ते गावाचं गायरान नव्हे, कोर्स लष्कराचा. लष्करातल्या कुणाशी ओळख असेल तर आधी विचारून जा. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, म्हणून माझी सोय झाली. माझी पहिली काठी, सेव्हन आयर्न, त्यांचीच.

हा कोर्स बेळगावकरांना माहीत झाला तो मात्र बिबट्यामुळं. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात दिसलेला बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या २२ शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याच्या सक्रेबैल तळावरनं हत्ती आणले, पिंजरे लावले. बिबट्या काही हाताला लागला नाही. गंमत म्हणजे गोल्फच्या नियमावलीत ह्याची तरतूद आहे. नियम १६.२: चेंडूजवळ धोकादायक प्राणी असेल तर जादा फटक्याचा दंड न लागता चेंडू सुरक्षित जागी घेऊन खेळता येतो. यादीत विषारी साप, मधमाश्या, मगरी, अस्वलं आहेत. बिबट्याचं नाव नाही, पण पंच हुज्जत घालेल असं वाटत नाही.

खुला कोर्स म्हणजे काय, ते सेंट अँड्र्यूजवरनं समजतं. स्कॉटलंडमधला तो ओल्ड कोर्स जगात सगळ्यांत मानाचा, आणि तरी सार्वजनिक जमिनीवरचा. खेळायचं असेल तर दोन दिवस आधी सोडतीच्या चिठ्ठीत नाव टाकायचं. एरवी रविवारी खेळ बंद. गावकरी कुत्री घेऊन तिथं फिरतात. आपल्याकडं दिल्लीच्या लाडो सरायमध्ये डीडीएनं, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं, कुतुब गोल्फ कोर्स केला, तो देशातला पहिला सार्वजनिक कोर्स.

आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा म्हणजे नवी मुंबईतला खारघरचा. हा सिडकोचा, सेंट्रल पार्कला लागून, मागं डोंगर. ११ होलांनी, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्यांनी, सुरुवात झाली, मग १८ करायचं काम काढलं, म्हणून जायच्या आधी चौकशी कराच. बेळगावहून रात्रीच्या मुंबई बसनं निघा, पहाटे कळंबोलीला उतरा, तिथनं रिक्षा. झोप नीट होत नाही, त्यामुळं पहिल्या दोन होलांचा हिशेब धरू नये. जुलै-ऑगस्टात मात्र नको. पाऊस बेळगावात काय कमी असतो की तो बघायला तिकडं जावं!

काणकोणला राजबागच्या समुद्राकाठी ९ होलांचा कोर्स आहे, पण तो हॉटेलचा. बायकोला गोवा दाखवायचं कबूल केलं असेल तर एका दगडात दोन पक्षी.

बाकी दिवस सराव माळावर. भात कापलेल्या शेतात मारू नका. तिथं लगेच मसूर पेरलेला असतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या ऐकाव्या लागतात, त्याही दोन भाषांत. उसाच्या दिशेनं तर नकोच. गेलेला चेंडू थेट तोडणीला सापडतो. मी एका ओळखीच्याच्या पडीक मुरमाड तुकड्यात मारतो, दीडशे पावलांवर पोत्याचा झेंडा रोवलेला आहे. मेंढ्या आल्या की थांबायचं.

आणि चेंडू पिवळे घ्या. नारंगी चांगले दिसतात असं दुकानदार सांगतो, पण आपल्या तांबड्या मातीत ते साफ गायब होतात. माझे डझनभर अजून तिथंच पडलेत.